‘कुठपर्यंत आलीस?’

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि ‘शाळेने मला काय दिलं’ हा विषय दिला आहे. माझ्या आधी बोललेल्यांनी संस्कार, शिस्त आणि वक्तशीरपणा हे तिन्ही घेऊन टाकलं. माझ्या वाट्याला केमिस्ट्री उरली आहे, तेव्हा तीच सांगते.

मी गेली वीस-बावीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे. रोजच्या कामात मला ना मोल लागतो, ना मोलॅरिटी. पण अकरावी-बारावीत केमिस्ट्रीची गणितं आपण ज्या पद्धतीने एकमेकांना समजावून दिली, ती पद्धत मात्र रोज लागते. आज त्या पद्धतीबद्दल बोलायचं आहे, आणि शेवटी तुमच्याकडे काही मागायचं आहे. मागणं पैशाचं कमी आणि वेळेचं जास्त आहे, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे खिसे सांभाळून बसायला नको.

आठवा आपला अकरावीचा जून. निम्म्याहून जास्त जण मराठी माध्यमातले, काही जण दहावीनंतर इंग्रजी शाळांमधून आलेले. आम्ही मराठीवाल्यांनी दहावीपर्यंत आम्ल, आम्लारी, उदासिनीकरण, उत्प्रेरक, विद्युत अपघटन असे शब्द घोकले होते. अकरावीला त्यांचं एकदम ॲसिड, बेस, न्यूट्रलायझेशन, कॅटलिस्ट, इलेक्ट्रॉलिसिस झालं. केमिस्ट्री तीच होती, पण ओळख दाखवत नव्हती. वर्गात प्रश्न विचारायचा तर तो इंग्रजीत विचारावा लागेल, या भीतीने कितीतरी हात वर गेलेच नाहीत.

त्यातली एक आपली मैत्रीण निफाड तालुक्यातल्या गावाहून रोज एसटीने यायची. ती आज समोर बसली आहे. ‘माझं नाव घेतलंस तर उठून जाईन’ असा दम तिने सकाळीच भरलाय, म्हणून नाव घेत नाही. पहिल्या सत्रात केमिस्ट्रीत तिला पन्नासपैकी अकरा गुण होते. दिवाळीनंतर आर्ट्सला नाव घालायचं, तिथेही मन लागलं नाही तर स्थळं बघायची, असं तिच्या घरी ठरत होतं. आपल्याला यातलं काही माहीत नव्हतं. तिने ते सांगितलं बारावीच्या निकालानंतर.

प्रयोगशाळेबाहेरच्या पायऱ्यांवर आपला घोळका बसायचा. आत किपच्या उपकरणातून हायड्रोजन सल्फाइड सुटलेला, त्यामुळे त्या पायऱ्यांवर दुसरं कुणी फिरकत नसे. अभ्यासाला इतकी निवांत जागा अख्ख्या नाशकात मिळाली नसती. एकदा ही तिथे वही घेऊन आली आणि म्हणाली, “मला काहीच येत नाही.” केमिस्ट्रीच्या बाई नेमक्या तिथून चालल्या होत्या. त्या थांबल्या आणि म्हणाल्या, “काहीच येत नाही असं कुणाचं नसतं. कुठपर्यंत आलीस ते सांग.” मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, “आणि तुम्ही तिला गणित सोडवून द्यायचं नाही. जिचं गणित, पेन्सिल तिच्याच हातात राहील.”

तिने सांगायला सुरुवात केली. समीकरण तिने बरोबर लिहिलं होतं. ते संतुलितही केलं होतं. ग्रॅमचे मोलही केले होते, आणि गुणाकार-भागाकार तर आमच्यापेक्षा जलद. अडलं होतं ‘लिमिटिंग रिएजंट’ या दोन शब्दांवर. म्हणजे केमिस्ट्री अडलीच नव्हती, शब्द अडला होता. आमच्यातल्या एकाने विचारलं, “पंगतीत एका पानाला तीन पोळ्या आणि एक वाटी भाजी. तीस पोळ्या आहेत आणि सहा वाट्या भाजी. किती पानं वाढशील?” ती म्हणाली, “सहा. भाजी आधी संपेल.” आणि स्वतःच पुढे म्हणाली, “म्हणजे लिमिटिंग म्हणजे आधी संपणारं!” पुढची पाच गणितं तिने कुणालाही न विचारता सोडवली.

त्यातून आपली ती तीन रकान्यांची वही सुरू झाली. पहिल्या रकान्यात इंग्रजी शब्द, दुसऱ्यात मराठी, आणि तिसऱ्यात ‘म्हणजे काय’ हे आपल्या भाषेत. प्रेसिपिटेट, अवक्षेप, ‘द्रावणातून वेगळा होऊन तळाशी बसतो तो’. टायट्रेशन, अनुमापन, ‘माहीत असलेल्याने माहीत नसलेलं मोजणं’. लिमिटिंग रिएजंटला तिसऱ्या रकान्यात तिच्याच अक्षरात ‘आधी संपतं ते’. गंमत म्हणजे, परीक्षेच्या आधी ही वही सगळ्यात जास्त मागितली ती इंग्रजी माध्यमातून आलेल्यांनी. शब्द त्यांना येत होते, तिसरा रकाना रिकामा होता.

आता थोडं स्पर्धेबद्दल, कारण आपण सगळे साधुसंत होतो असं चित्र उभं राहायला नको. आपल्या वेळी इंजिनिअरिंगचा प्रवेश बारावीच्या फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्सच्या गुणांवर ठरायचा. एकेका गुणाने कॉलेज बदलायचं. शेजारच्या बाकावर बसलेला मित्र गुणवत्ता यादीत आपल्या पुढे किंवा मागे उभा राहणार, हे सगळ्यांना माहीत होतं. ‘दुसऱ्याला शिकवत बसशील तर तुझं राहून जाईल’ हे वाक्य आपल्यापैकी किती जणांनी घरी ऐकलं असेल, हात वर करा. बघा, वर्गात कधी इतके हात वर गेले नव्हते.

त्या वाक्यात तथ्य नव्हतं असं मी म्हणणार नाही. वेळ जायचाच. पण मोबदला काय मिळायचा तेही सांगते. बफर द्रावणाची गणितं मला सूत्र पाठ म्हणून येत होती. मैत्रिणीने विचारलं, “थोडं ॲसिड घातलं तरी पीएच फारसा का बदलत नाही?” सूत्रात त्याचं उत्तर आकड्यांत होतं, शब्दांत नव्हतं. तिला सांगण्यासाठी मला ते आधी स्वतःला सांगावं लागलं: द्रावणात आधीपासून असलेला क्षार आलेल्या ॲसिडला पकडतो आणि त्याचं दुबळं ॲसिड करून टाकतो. हा ‘का’ मला आजही आठवतो. सूत्र मात्र परवा मुलीच्या पुस्तकात बघावं लागलं.

मदत आणि नक्कल यांच्यामधली रेघ आपल्याला प्रॅक्टिकलच्या सरांनी आखून दिली. पोटॅशियम परमँगनेटचं टायट्रेशन आठवतंय? एक थेंब जास्त पडला की फिकट गुलाबीचा गडद गुलाबी, आणि पुन्हा पहिल्यापासून. शेजारच्याचं रीडिंग बघून आपलं लिहावं, असा मोह कुणाला झाला नाही? सरांनी प्रत्येक टेबलाला वेगळ्या तीव्रतेचं द्रावण ठेवायला सुरुवात केली आणि म्हणाले, “पद्धत उसनी घ्या, रीडिंग उसनं घ्यायचं नाही.” एवढं ऐकल्यावर आपण पद्धती उसन्या घ्यायला लागलो. ब्युरेटची तोटी डाव्या हाताने कशी फिरवायची, फ्लास्कखाली पांढरा कागद का ठेवायचा, परमँगनेटच्या गडद रंगात पातळीची वरची कड का वाचायची. हे शिकवणारा सगळ्यात पटाईत मुलगा थिअरीत जेमतेम पास होणारा होता. प्रयोगशाळेत मात्र पहिल्या नंबरवाल्यांची रांग त्याच्या टेबलाशी लागायची.

आता आपल्या विज्ञान प्रदर्शनातल्या प्रकल्पाकडे येते, कारण माझा मुद्दा तिथे पुरा होतो. विषय होता बोर्डो मिश्रण. नाशिक जिल्ह्यात द्राक्षबागायतदाराला हे नाव सांगावं लागत नाही. मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, आणि चुना यांचं हे निळं मिश्रण केवड्यासाठी, ज्याला सगळे डाऊनी म्हणतात त्यासाठी, फवारतात. त्याचा इतिहासही मजेदार आहे. फ्रान्समधल्या बोर्डो भागात वाटसरूंनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडत. १८८० च्या दशकात मिलार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं की याच वेलींना डाऊनी लागत नाही. चोरांसाठी केलेला उपाय बुरशीवर चालला.

एक टक्का मिश्रणाचं प्रमाण असं: १ किलो मोरचूद, साधारण १ किलो चुना, १०० लिटर पाणी. आमच्यातल्या गणितवाल्यांनी लगेच हिशोब मांडला. स्फटिकी मोरचूदाचा रेणुभार सुमारे २५०, म्हणजे १ किलोत ४ मोल. कळीच्या चुन्याचा रेणुभार ५६. मोलाला मोल धरला तर सुमारे २२५ ग्रॅम चुना पुरे. मग शेतकरी चौपट चुना कशाला घालतात? आम्ही निष्कर्षही काढून टाकला की शेतकरी चुना वाया घालवतात. तक्त्यावर तसं लिहायचंही ठरलं.

निफाडची मैत्रीण तेव्हा पहिल्यांदा आवाज चढवून बोलली. “माझ्या बाबांना पैसा वर आलाय का? ते चुना मापाने घालतात, पण तेवढ्यावर सोडत नाहीत. दर वेळी विळा बुडवून बघतात.”

आम्ही विचारलं, विळा कशाला? ती म्हणाली, मिश्रणात स्वच्छ घासलेला लोखंडी विळा थोडा वेळ धरायचा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी आहे, अजून निवळी घालायची. विळा जसाच्या तसा निघाला तर मिश्रण फवारायला तयार. कमी चुन्याचं फवारलं तर पानं करपतात. मिश्रण लोखंडी पिंपात का करायचं नाही, हेही तिला लहानपणापासून ठाऊक होतं.

पायऱ्यांवर बसलेले आम्ही सगळे गप्प झालो. विळ्यावर तांबं चढतं म्हणजे लोखंड इलेक्ट्रॉन देतं आणि तांब्याचा आयन घेतो. त्याचा धनभार दोनवरून शून्यावर येतो. ‘इलेक्ट्रॉन मिळतात, तरी त्याला रिडक्शन का म्हणायचं’ यावर आठवडाभर डोकं फोडणारे आम्ही, आणि ते रिडक्शन लहानपणापासून दर हंगामात डोळ्यांनी बघणारी ती. तिला फक्त त्याचं नाव माहीत नव्हतं. आम्हाला फक्त नाव माहीत होतं.

मग खरा प्रकल्प सुरू झाला. बीकरमध्ये १०० मिलिलिटर पाण्यात १ ग्रॅम मोरचूद, आणि विळ्याऐवजी घासलेला खिळा. एकीकडे नुकताच आणलेला कळीचा चुना, दुसरीकडे तिच्या शेडमध्ये उघड्या गोणीत कित्येक महिने पडलेला. ताज्या चुन्याने खिळा लवकर स्वच्छ निघू लागला. गोणीतला चुना मात्र घालतच राहावं लागलं. कारण बाईंनी नाही सांगितलं, आम्हालाच शोधायला लावलं. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो आणि त्याचा हळूहळू कॅल्शियम कार्बोनेट होतो, म्हणजे खडू. गोणीवर लिहिलेलं असतं चुना, आत निम्मा खडू. आमच्या २२५ ग्रॅमच्या हिशोबात चुना शुद्ध आणि ताजा धरला होता. शेतकऱ्याला तसा मिळेलच असं नाही, आणि पानं करपू नयेत म्हणून तो थोडा जास्त बाजूला राहतो. हिशोब बरोबर होता आणि तिचे बाबाही बरोबर होते. हे दोन्ही एकाच तक्त्यावर लिहायला आमच्या घोळक्याला तिची गरज होती.

प्रदर्शनात परीक्षकांना प्रकल्प तिने समजावला, निम्मा मराठीत, निम्मा इंग्रजीत. दुसरा नंबर आला. घरच्यांनी आर्ट्सचा विषय पुन्हा काढला नाही. आज ती तालुक्याच्या गावी माती-पाणी परीक्षणाची प्रयोगशाळा चालवते. आम्ही तिला शिकवलं म्हणून हे झालं, असं मी म्हणणार नाही. मी एवढंच म्हणेन की पहिल्या दिवशी तिच्या हातातली पेन्सिल आम्ही काढून घेतली असती, तर तिच्याकडे काय आहे हे आम्हाला कधी कळलंच नसतं.

पुढे वाचताना लक्षात आलं की ही पद्धत काही आपल्या पायऱ्यांवर जन्मली नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासच्या लष्करी अनाथालयाची शाळा चालवणाऱ्या अँड्र्यू बेल यांनी तिथली देशी मुलं वाळूत बोटाने अक्षरं गिरवताना पाहिली. आपल्या धूळपाटीसारखंच ते. त्यांनी आपल्या शाळेतही मुलांना मुलांकडून शिकवायला सुरुवात केली आणि १७९७ मध्ये लंडनमध्ये त्यावर पुस्तक काढलं. इंग्लंडमध्ये ती ‘मद्रास पद्धत’ म्हणून पसरली. अलीकडचं उदाहरण तर थेट केमिस्ट्रीचं आहे. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजमध्ये १९९० च्या दशकात, म्हणजे आपण पायऱ्यांवर बसत होतो त्याच काळात, आदल्या वर्षी तो विषय चांगला केलेल्या विद्यार्थ्याभोवती सहा-आठ जणांचा गट बसवायला सुरुवात झाली. त्या विद्यार्थ्याने उत्तरं सांगायची नाहीत, गटाला बोलतं ठेवायचं, हा तिथला मुख्य नियम. आपल्या बाईंचा आणि त्यांचा पत्रव्यवहार होता का, हे बाईंनाच विचारायला हवं.

माझ्या कामात हेच वेगळ्या नावाने चालतं. दोघं एका प्रोग्रामवर बसतात तेव्हा कीबोर्ड एकाच्या हातात असतो आणि दुसरा बोलतो. शिकणारा नवा असेल तर कीबोर्ड त्याच्याकडे द्यायचा. अनुभवी माणसाचे हात शिवशिवतात, पण त्याने हात मागे ठेवायचे. कुणी ‘प्रोग्राम चालत नाही’ म्हणून आलं, की मी विचारते: काय व्हायला हवं होतं, तू काय केलंस, काय झालं? निम्म्या वेळा सांगता सांगताच त्याला चूक सापडते. माझ्या टीममधल्या मुलांना वाटतं हे मॅनेजमेंटचं ट्रेनिंग आहे. ते हायड्रोजन सल्फाइडच्या वासातलं ट्रेनिंग आहे.

आता आजच्या मुलांकडे येते. आज अकरावीचा मुलगा गणिताचा फोटो काढतो आणि काही सेकंदांत फोनवर पायरीपायरीने उत्तर येतं. अशी साधनं बनवणाऱ्या धंद्यातलीच मी आहे, त्यामुळे त्यांना नावं ठेवणार नाही. ज्याला गावात क्लास नाही त्याला त्यांचा उपयोगच होतो. पण आपण ज्याला रीडिंग म्हणत होतो ते फोन देतो, आणि पद्धत घ्यायची की नाही हे मुलावर सोडतो. शिवाय फोनला गोणीतला चुना माहीत नसतो आणि समोरच्या मुलीच्या घरी विळा आहे हेही माहीत नसतं, जोपर्यंत ती स्वतः सांगत नाही. आणि ती सांगते तेव्हा, जेव्हा कुणीतरी थांबून विचारतं.

म्हणून माझं मागणं. शाळेशी बोलणं झालं आहे. महिन्यातून दोन रविवारी, दोन तास, आपली प्रयोगशाळा अकरावी-बारावीच्या मुलांसाठी उघडायची. शिकवायचं बारावीच्या मुलांनी अकरावीला. आपण शिकवायचं नाही, कारण आपण शिकवायला लागलो की भाषण होतं, ते तुम्ही आत्ता अनुभवताच आहात. आपली कामं तीन. एक, रसायनं, काचसामान आणि चहा यांचा खर्च. दोन, दर वेळी दोघांनी मागच्या बाकावर हजर राहणं. तीन, बाहेरगावच्या मुलांची शेवटची एसटी चुकणार नाही अशी वेळ ठरवणं. आपला घोळका टिकला तो निफाडच्या गाडीच्या वेळेला धरून उठायचा म्हणून, हे विसरू नका.

गणितांची कमतरता नाही. बोर्डाच्या जुन्या प्रश्नपत्रिका आहेत. ज्यांना अवघड हवं त्यांच्यासाठी ऑलिम्पियाडचे प्रश्न आहेत. आपली बारावी झाली त्याच्या पुढच्या वर्षी, १९९९ मध्ये, भारताचा संघ पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय केमिस्ट्री ऑलिम्पियाडला गेला आणि २००१ मध्ये ते मुंबईत भरलं. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने जुने पेपर सगळ्यांसाठी खुले ठेवले आहेत. प्रकल्पांसाठी तर लांब जायलाच नको. रामकुंडाच्या वर आणि खाली गोदावरीच्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन किती, बोअरचं पाणी किती जड, द्राक्षात साखर कधी भरते, कांदा चिरताना डोळ्यांत पाणी आणणारं गंधकाचं संयुग कांदा थंड केल्यावर कमी का सुटतं. लासलगाव आणि पिंपळगावकडची मुलं वर्गात असताना या प्रश्नांची निम्मी उत्तरं वर्गातच बसलेली असतात.

नियम मात्र तेच तीन ठेवू. आधी ‘कुठपर्यंत आलास, कुठपर्यंत आलीस’ विचारायचं. पेन्सिल ज्याचं गणित त्याच्या हातात. आणि पद्धत उसनी, रीडिंग स्वतःचं.

बाहेर नोंदणीच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. रकाने तीनच आहेत: नाव, फोन नंबर आणि कोणता रविवार. तिसरा रकाना रिकामा सोडू नका, ही विनंती. पहिल्या रविवारी मागच्या बाकावर मी आणि जिचं नाव घ्यायचं नाही ती, अशा दोघी आहोतच. तिने विळा आणायचं कबूल केलं आहे.